मद्यपानाची चाचणी आणि वाहनचालकाचे हक्क

आमच्या विद्यालयातून शिकून बाहेर पडलेल्यांपैकी बरेच जण आज रिक्षा, टेम्पो, ट्रक किंवा शाळेची बस चालवून संसाराचा गाडा ओढीत आहेत. रात्रीच्या नाकाबंदीत पोलीस तोंडासमोर एक लहानसे यंत्र धरतात आणि फुंकर मारण्यास सांगतात. त्या क्षणी कायदा पोलिसाला कोणते अधिकार देतो आणि चालकाच्या पदरात कोणते हक्क टाकतो, हे यांतील फार थोड्यांना ठाऊक असते. महागड्या मोटारीच्या धन्याला मध्यरात्रीही वकील मिळतो. ट्रकवरील चालकाला कलमाचा आकडाही माहीत नसतो. स्मरणिकेसाठी हा रुक्ष वाटणारा विषय आम्ही निवडला तो याच कारणाने. पाचवे शील निष्ठेने पाळणाऱ्याला या यंत्राचे भय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येईलच.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १८५ हे या विषयाचे मूळ होय. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे अथवा चालविण्याचा प्रयत्न करणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दंडाचे हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीने आले.

या ३० मिलिग्रॅमच्या आकड्याला एक इतिहास आहे. १९३९ च्या जुन्या अधिनियमात, वाहनावर योग्य ताबा ठेवता येणार नाही इतका मनुष्य नशेत आहे काय, असा प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर बहुधा पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर व नाकावर अवलंबून असे. तोंडाला वास येतो, पाय लटपटतात, बाहुल्या विस्फारल्या आहेत, एवढ्यावर माणूस मद्यपी ठरे. महाराष्ट्रातून गेलेल्या बच्चुभाई करियानी यांच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच सांगितले की, रक्ताची किंवा लघवीची तपासणी झालेली नसताना केवळ अशा लक्षणांवरून नशा सिद्ध होत नाही. पुढे १९९४ च्या दुरुस्तीने ३० मिलिग्रॅमची मर्यादा आणि श्वासाची चाचणी कलमात बसविली. आमच्या दृष्टीने हा बदल मोलाचा आहे. ज्याचे कपडे मळके, बोलणे अडखळते, त्याच्यावर नुसत्या नजरेने शिक्का मारणे सोपे असते. आकडा कपडे पाहत नाही. अमेरिकेत सरळ रेषेवर चालविणे, एका पायावर उभे करणे अशा कसोट्या रस्त्यावर घेतात. आपल्या अधिनियमात मात्र श्वास आणि रक्त यांच्याच चाचण्यांची तरतूद आहे.

यंत्र काय मोजते? फुप्फुसात रक्त आणि हवा यांची देवघेव होताना रक्तातील मद्यार्काचा काही अंश हवेत उतरतो. फुप्फुसाच्या तळातील सुमारे २,१०० मिलिलिटर हवेत जितका मद्यार्क, तितका १ मिलिलिटर रक्तात, या गृहीतावर यंत्र हिशेब मांडते. म्हणजे यंत्र रक्त मोजत नाही, श्वासावरून रक्ताचा अंदाज बांधते. तोंडातच मद्यार्क रेंगाळत असेल तर हा अंदाज चुकतो. चूळ भरण्याची काही औषधे, खोकल्याची काही औषधे, होमिओपॅथीचे अर्क, आणि आपल्या घरोघरी असणारी दशमूलारिष्टासारखी आसवे व अरिष्टे यांत मद्यार्क असतो. दारूला कधी न शिवलेल्या माणसाचा आकडाही औषध घेतल्यावर लगेच वर जाऊ शकतो. अशा वेळी वाद घालू नये. काय घेतले ते शांतपणे सांगावे, पाण्याने चूळ भरू देण्याची आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा चाचणी घेण्याची विनंती करावी. कलम २०३ मध्ये श्वासाचे ‘एक किंवा अधिक’ नमुने असे शब्द आहेत. अटक झालीच तर ठाण्यावर पुन्हा श्वास देण्याची संधी मिळाली पाहिजे, असेही तेच कलम सांगते. यंत्रही केंद्र सरकारने राजपत्राद्वारे मान्य केलेल्या प्रकारचे असावे लागते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. निरोगी देहातून मद्यार्क ताशी सुमारे १५ मिलिग्रॅम या संथ गतीने उतरतो. लिंबू, ताक, थंड पाण्याची आंघोळ यांनी ती गती वाढत नाही. मध्यरात्री ज्याच्या रक्तात १२० मिलिग्रॅम मद्यार्क होता, त्याच्या रक्तात पहाटे पाच वाजता ४५ च्या आसपास उरतो. झोप झाली, डोके ठिकाणावर आले, म्हणून सकाळी शाळेच्या बसवर बसणारा चालक कायद्याच्या दृष्टीने मद्यपीच असू शकतो.

फुंकर मारण्यास नकार देता येतो काय? वर्दीतील पोलिसाने संशयास वाजवी कारण असताना मागणी केली तर नकार महागात पडतो. कलम २०३ नुसार नकार देणाऱ्याला, पोलिसाला तसा वाजवी संशय असेल तर, वॉरंटाशिवाय अटक होऊ शकते. आणि कलम २०५ नुसार तो नकार फिर्यादी पक्षाच्या पुराव्याला बळ देणारा मानता येतो. अपवाद वाजवी कारणाचा. दम्यामुळे फुंकर मारता येत नसेल तर ते तेथेच सांगावे आणि लिहून घ्यावयास लावावे. रुग्णालयात दाखल असलेल्या जखमी चालकाचा श्वास घेण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे लागते. उपचारास बाधा येईल असे त्यांनी म्हटल्यास चाचणी घेता येत नाही.

आपल्याच विरुद्ध साक्षी होण्याची सक्ती करता येत नाही, हे अनुच्छेद २०(३) चे संरक्षण मग कोठे गेले, असा प्रश्न आमचे वरच्या वर्गांतील विद्यार्थी विचारतात. मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने १९६१ मध्ये त्याचा उलगडा केला. बोटांचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे. स्वतःच्या माहितीतून काही सांगणे ही साक्ष होय. त्याच न्यायाने श्वास व रक्त ही देहाची सामग्री ठरते. परंतु ‘किती प्यालास, कोठे प्यालास’ या प्रश्नांना उत्तर देऊन स्वतःला गुंतवून घेण्याची सक्ती आरोपीवर नाही. नमुना द्यावा, कबुली देण्याचे बंधन नाही.

अटकेनंतरचे हक्क अनुच्छेद २२ मध्ये आहेत : अटकेचे कारण समजणे, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेणे, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले जाणे. इतिहासाचा विद्यार्थी या अनुच्छेदापाशी थोडा थांबतो. जीवित व स्वातंत्र्याच्या अनुच्छेदात ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ एवढेच शब्द राहिल्याने कायदेमंडळाला मोकळे रान मिळाले, ही टीका बाबासाहेबांनी मनावर घेतली. १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी घटना समितीपुढे १५-अ हा नवा अनुच्छेद मांडला आणि ही त्या उणिवेची भरपाई आहे, अशी भूमिका घेतली. तोच आजचा अनुच्छेद २२. नाकाबंदीत अडकलेल्या रिक्षाचालकाच्या पाठीशी उभा राहतो तो हा अनुच्छेद.

कलम २०२ मध्ये याहून नेमके संरक्षण आहे. कलम १८५ खाली अटक केलेल्याची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली नाही, तर त्याला कोठडीतून सोडावे लागते. (सुटका म्हणजे निर्दोष ठरणे नव्हे, खटला चालू शकतो.) डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अटकेच्या नोंदीवर तारीख, वेळ आणि साक्षीदाराची सही आवश्यक ठरविली. आरोपीचीही सही त्यावर घेतात. सही करण्यापूर्वी वेळ तेवढी नीट वाचावी, कारण दोन तास तेथून मोजले जातात. स्त्रीचे रक्त पुरुष डॉक्टर घेणार असेल तर दुसरी स्त्री हजर असलीच पाहिजे. हा गुन्हा जामीनपात्र आहे. शिवाय तो रस्त्यावर पैसे भरून मिटविता येणाऱ्या गुन्ह्यांत मोडत नाही. दंड न्यायालयच ठरविते, तेव्हा ‘येथेच मिटवू’ म्हणणाऱ्याच्या हातावर टेकवलेली रक्कम दंड नसते.

रक्ताच्या नमुन्याचा काटेकोरपणा आरोपीच्याच हिताचा असतो असे नाही. १२ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून मोटार गेली आणि सात जण मेले. चालकाच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे ११२ मिलिग्रॅम मद्यार्क आढळला होता. सत्र न्यायालयाने दिलेली सहा महिन्यांची शिक्षा उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाखाली तीन वर्षांवर नेली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. उघड्यावर झोपणाऱ्या त्या मजुरांच्या बाजूने बोलणाऱ्या पुराव्यांत हा आकडाही होता. उलट, पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ रोजी अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले, तेव्हा रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपाखाली डॉक्टरांना अटक झाली. आरोपाचा निवाडा न्यायालय करील. पण नमुन्याची बाटली कोणासमोर मोहोरबंद झाली, ती न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत केव्हा पोहोचली, सुई टोचण्यापूर्वी त्वचा स्पिरिटने तर पुसली नाही, हे प्रश्न गरीब आरोपीला जितके तारतात तितकेच गरीब मृताच्या वारसांनाही.

राहिला परवाना. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८५ च्या प्रकरणात पोलीस परवाना जप्त करून परिवहन कार्यालयाकडे पाठवितात. त्याची पोच मागून घ्यावी. मात्र पूर्वीप्रमाणे त्या पोचेवर वाहन चालविता येत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते आणि ते दुसऱ्या गुन्ह्यात सापडतात. परवाना निलंबित करण्यापूर्वी कलम १९ नुसार चालकाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. त्या सुनावणीस औषधाची चिठ्ठी, अटकेच्या नोंदीची प्रत आणि यंत्राच्या आकड्याची छापील पट्टी घेऊन जावे. आदेश विरुद्ध गेला तर तो हाती पडल्यापासून तीस दिवसांत अपील करता येते.