टँकरच्या दिवसांतला संडास

म्हसवड माणगंगेच्या काठी असलं तरी पर्जन्यछायेतलं गाव. २०१२-१३च्या दुष्काळात इथे जनावरांची छावणी उघडावी लागली होती. अशा टंचाईत घरात पाण्याची वाटणी होते, तेव्हा पिण्याचं, स्वयंपाकाचं, गोठ्याचं पाणी आधी बाजूला निघतं आणि पहिली काट बसते ती संडासाला. दाराला कडी लागते, घर पुन्हा ओढ्याकडे वळतं. ही काटकसर चुकीच्या जागी होते. संडासाला पाणी हवं ते मैला वाहून नेण्यापुरतं; ते पिण्यायोग्य असायची गरज नाही. टंचाईत ग्रामीण भागासाठी टँकरचं सरकारी प्रमाण माणशी रोज २० लिटर, म्हणजे ५ जणांच्या घराला १०० लिटर. जुनी फ्लशची टाकी एका वेळी १० लिटर ओतते. प्रत्येकाने एकदाच वापरली तरी निम्मं पाणी संपलं. तीव्र उताराचं ग्रामीण भांडं मात्र दीड-दोन लिटरमध्ये साफ होतं. ५ जणांचं १० लिटरमध्ये भागतं, आणि तेवढं पाणी आंघोळीतूनच निघतं. मोठ्या घमेल्यात उभं राहून आंघोळ करावी, साचलेलं पाणी बादलीत ओतावं. फ्लशच्या टाकीचा कॉक बंद ठेवून बादलीने थेट भांड्यात ओतावं, तेही एका दमात. हळूहळू ओतलं तर पाणी जातं आणि मैला तिथेच राहतो.

साबणाच्या पाण्याने शोषखड्डा बिघडेल, अशी शंका घेतली जाते. आंघोळीतल्या थोड्या साबणाने खड्ड्यातले जिवाणू मरत नाहीत. ॲसिड आणि फिनाईल सढळ हाताने ओतलं तर मरतात. खरकटं, तेलकट पाणी मात्र टाळावं. साठवलेल्या पाण्यात डास होतील ही भीती रास्त आहे, म्हणून ते झाकावं आणि त्याच दिवशी संपवावं. शौचाला आणि हात धुवायला स्वच्छ पाण्याचं टमरेल वेगळंच हवं. तिथे काटकसर केली तर हगवण घरात येते. टंचाईत चार महिने उघड्यावर गेलं तर काय बिघडतं, असंही विचारलं जातं. बिघडतं ते आधी बायकांचं: अंधाराची वाट बघायची, म्हणून दिवसभर पाणी कमी प्यायचं, आणि त्यातून लघवीची जळजळ, संसर्ग ओढवून घ्यायचा. पुढे वळवाच्या पहिल्या सरीबरोबर तोच मैला विहिरीकडे वाहतो. पाणी वाचवण्यासाठी पाणीच नासवणं हा उलटा व्यवहार आहे. म्हणून घर बांधताना भांडं उताराचं निवडावं आणि टंचाईच्या हिशेबात संडासाची एक बादली पहिल्या दिवसापासून धरावी.