नाणे प्रतवारी संस्थांची विश्वासार्हता
नाणे प्रतवारी म्हणजे नाण्याचा अस्सलपणा व झीज तपासून त्यास दर्जा देण्याची पद्धत होय. अमेरिकेत ती विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या १ ते ७० या श्रेणीवर आधारलेली आहे. तपासलेले नाणे क्रमांकित चिठ्ठीसह प्लास्टिकच्या मोहोरबंद डबीत ठेवतात. पीसीजीएस व एनजीसी या तेथील प्रमुख संस्था आहेत.

ही श्रेणी कोणतीही संस्था वापरू शकते. त्यामुळे अल्पपरिचित संस्थेचा ‘६५’ हा अंक प्रमुख संस्थेच्या ‘६५’शी तुल्य असेलच असे नाही. एका अंकानेही किंमत मोठ्या प्रमाणात बदलू शकत असल्याने सैल प्रतवारीचा तोटा ग्राहकास सोसावा लागतो.

अशा संस्थेची पारख करताना पुढील बाबी पाहाव्यात :
* संस्थेचे चालक स्वतः नाणी विकतात काय?
* चूक झाल्यास भरपाईची लेखी हमी आहे काय?
* चिठ्ठीवरील क्रमांक छायाचित्रासह पडताळता येतो काय?
* घासून उजळलेल्या नाण्यांची वेगळी नोंद होते काय?
* लिलावात त्या डबीतील नाण्यांस किती भाव मिळतो?

नामांकित संस्थांच्या डब्यांच्याही नकला आढळतात. म्हणून नाण्याची छाप व व्यास नोंदींशी ताडून पाहणे आवश्यक ठरते. उदाहरणार्थ, मॉर्गन डॉलरचा व्यास ३८.१ मिलिमीटर असतो.