रूळ डबल, वीकेंडला ट्रबल!

शुक्रवारची दुपार. पुण्यातल्या ऑफिसमध्ये कुणी रिपोर्ट उरकतंय, कुणी बॉसची नजर चुकवून बॅग भरतंय. तेवढ्यात मोबाइल वाजतो. मेसेज एका ओळीचा : गाडी रद्द. तुम्ही नगरकर असाल तर पुढचं सांगायलाच नको!

मी मूळची नगरची, पोटापाण्यासाठी पुणेकर. (२०२४ पासून शहराचं नाव अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून ‘नगर’च येतं.) आमच्यासारखे वीकेंड-नगरकर पुण्यात ढिगाने सापडतील. दौंड-मनमाड मार्गाच्या दुहेरीकरणाचं काम टप्प्याटप्प्याने सुरू झालं आणि आमच्या रोजच्या बोलण्यात एक नवा शब्द आला - ब्लॉक.

मुंबईचा ब्लॉक, आमचा ब्लॉक

मेगाब्लॉक मुंबईकरांना काही नवा नाही. मे-जून २०२४ मध्ये ठाण्याला फलाट रुंद करायला तब्बल ६३ तासांचा ब्लॉक घेतला, तेव्हा शेकडो लोकल रद्द झाल्या आणि कितीतरी जणांनी घरूनच काम केलं. त्रास झालाच. पण मुंबईत एरवी स्लो लाइन बंद पडली, तर गाड्या फास्टवरून नेता येतात.

दौंड-मनमाड मार्ग १८७८ सालचा. श्रीगोंदा, नगर, राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव अशा अख्ख्या जिल्ह्यातून जाणारा, पण पिढ्यान् पिढ्या एकेरी. तिथे ब्लॉक म्हणजे दारच बंद! मग उरतो रस्ता. १ जून १९४८ला पहिली एसटी धावली ती याच नगर-पुणे रस्त्यावर. आज त्याच रस्त्यावर वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये बसून घरी फोन करायचा, ‘‘आई, जेवून घे गं, मला उशीर होईल.’’

पण गाडी बंद का?

नवा रूळ जुन्याच्या शेजारी टाकायचा, मग गाड्या थांबवायच्या कशाला, असा प्रश्न मलाही पडायचा. उत्तर स्टेशनात आहे. नवा रूळ स्टेशनाला जोडताना सांधे बदलतात, सिग्नल बदलतात. एरवी सांधा चुकीच्या बाजूला असेल तर सिग्नल हिरवा होतच नाही. याला म्हणतात इंटरलॉकिंग. काम चालू असताना ही यंत्रणा काही दिवस काढून ठेवावी लागते. मग गाड्या माणसांच्या हाताने, अगदी जपून सोडायच्या. साहजिकच मोजक्याच. शेवटी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी, वेगाची चाचणी आणि मगच नवा रूळ खुला. थोडक्यात काय, हा उशीर आपल्याच जिवासाठी!

फायदा कुणाचा?

एकेरी मार्गावर समोरून गाडी आली की एकीने बाजूला उभं राहायचं. क्रॉसिंगची ही ताटकळ दुसऱ्या रुळामुळे संपते. शिवाय पुण्याहून नगरला जाताना दौंडला इंजिन पुढून काढून मागे लावावं लागायचं. आता दौंड कॉर्ड लाइनमुळे गाडी परस्पर वळू शकते.

म्हणजे सोय झाली? थांबा! ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली पुणे-अजनी वंदे भारत नगरला थांबते खरी, पण ती पुण्यातून सकाळी निघते आणि पुण्यात रात्री पोचते. नगरहून सकाळी पुण्याला ऑफिस गाठायचं असेल, तर तिचा काय उपयोग? नगरकरांची मागणी जुनीच आहे : पुण्यासाठी सकाळ-संध्याकाळची इंटरसिटी. तशी गाडी असेल, तर पुण्यातली कॉट सोडून घरी राहून नोकरी करण्याचा विचार तरी करता येईल. म्हातारे आई-वडील घरी असलेल्यांना विचारा, याची किंमत काय ते!

ब्लॉकच्या वीकेंडला

- ‘रद्द’ आणि ‘मार्ग बदलून’ यांत फरक आहे. वळवलेली गाडी लोणावळा-पनवेल-कल्याणमार्गे मनमाडला जाऊ शकते. ॲपवर ती धावताना दिसेल, पण नगर तिच्या वाटेत नसेल!
- गाडी पूर्ण रद्द झाली, तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप परत येतात. वळवली असेल आणि तुमचं स्टेशन गळलं, तर टीडीआर भरावा लागतो.
- एसटीचं रिझर्वेशन गुरुवारीच करा. शुक्रवारी सगळ्यांनाच आठवण होते!

दुहेरीकरणासाठी ब्लॉक सोसायला आमची ना नाही. पण दुसऱ्या रुळावरून फक्त लांबच्या गाड्या सुसाट निघून गेल्या, तर आम्ही सोसलं कशासाठी? रूळ टाकायला वर्षं लागतात, वेळापत्रकात एक गाडी वाढवायला नाही. ती मागायची वेळ हीच.