आठचा आकडा कोठे लिहाल?

तुम्ही क्रिकेट खेळता, कॅरम खेळता, सुट्टीत कधी लुडोही मांडता. या खेळांत कोणी तरी जिंकतो आणि कोणी तरी हरतो. पण ज्यात एकमेकांना हरवायचेच नसते, असा खेळ तुम्हांला माहीत आहे का? त्या खेळात चार-पाच मित्र टेबलाभोवती बसतात आणि सर्व मिळून एक गोष्ट घडवतात. गोष्टीतील एकेक पात्र एकेकाने घ्यायचे आणि त्याच्या वतीने बोलायचे. म्हणून त्याला भूमिकांचा खेळ म्हणता येईल.

अशा खेळांपैकी सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो तयार केला. तो १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. 'डंजन' म्हणजे अंधारे तळघर किंवा भुयार आणि 'ड्रॅगन' म्हणजे आग ओकणारा, पंख असलेला प्रचंड काल्पनिक प्राणी. खेळातील पात्रे भुयारांत शिरतात, खजिना शोधतात, संकटात सापडलेल्यांना सोडवतात. एक खेळाडू सूत्रधार होतो. समोर काय दिसत आहे, ते तो सांगतो आणि विचारतो, "आता तुम्ही काय कराल?"

उत्तर देण्यासाठी प्रत्येकाजवळ आपले पात्र हवे. ते कसे तयार करतात, ते पाहू.

प्रथम पात्राचा पेशा ठरवतात. १९७४ च्या नियमांत तीनच पेशे होते : योद्धा, जादूगार आणि धर्मोपासक. पुढे त्यांत चोर आला आणि नंतर आणखी पुष्कळ पेशांची भर पडली.

मग सहा गुणांचे आकडे लिहितात. हे सहा गुण असे : बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. छाप म्हणजे आपल्या बोलण्या-वागण्याचा इतरांवर होणारा परिणाम. बुद्धी आणि शहाणपण एकच, असे तुम्हांला वाटेल. पण तसे नाही. जुन्या ग्रंथातील कोडे सोडवायला बुद्धी लागते. समोरचा माणूस खोटे बोलत आहे, हे ओळखायला शहाणपण लागते.

पूर्वी प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकून त्यांची बेरीज करत. ती कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १८ येते. तीन फासे एकूण २१६ प्रकारे पडू शकतात. त्यांपैकी एकाच प्रकारे १८ येतात, पण १० येण्याचे २७ प्रकार आहेत. म्हणून बहुतेक पात्रे साधारण माणसांसारखी होत. आता फाशांशिवाय आणखी एक सोपी पद्धत आहे. तीत सर्वांना सारखेच सहा आकडे मिळतात : १५, १४, १३, १२, १० आणि ८. कोणता आकडा कोणत्या गुणापुढे लिहायचा, हे आपण ठरवायचे. पुढे नियमांप्रमाणे काही गुणांत थोडी भर पडते.

१५ चा आकडा कोठे लिहायचा, हे लवकर ठरते. योद्धा तो बळापुढे लिहितो, जादूगार बुद्धीपुढे लिहितो. खरा प्रश्न ८ चा असतो. तो कोठे तरी लिहावाच लागतो.

या आकड्यांचा उपयोग कसा होतो? समजा, पात्राला एक जड दार उघडायचे आहे. खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो. बळ १५ असेल, तर आलेल्या आकड्यात २ मिळवतात. बळ ८ असेल, तर १ वजा करतात. सूत्रधाराने १५ ची अट घातली, तर बळकट पात्राला फाशावर १३ किंवा त्याहून अधिक यावे लागतात, म्हणजे वीसपैकी आठ संधी. दुबळ्या पात्राला १६ किंवा अधिक हवेत, म्हणजे वीसपैकी पाच संधी. फरक आहे, पण दुबळ्यासाठी दार बंदच राहते असे नाही.

आता आपण एक पात्र तयार करू. त्याचे नाव कॅलन. पेशा योद्ध्याचा. त्याचे बळ १५, काटकपणा १४, शहाणपण १३, चपळाई १२ आणि छाप १०. बुद्धीपुढे आपण ८ लिहिले. हा आकडा पाहून कॅलन मूर्ख आहे, असे म्हणून थांबू नका. त्याचे कारण शोधा. लहानपणीच तो लोहाराच्या भट्टीवर कामाला लागला. त्याला अक्षरओळखच झाली नाही. आता भुयारात त्याला एक पत्र सापडते. ते वाचण्यासाठी त्याला सोबतच्या जादूगार मुलीकडे द्यावे लागते. ती खरे तेच वाचून दाखवील, यावर त्याला विश्वास ठेवावा लागतो. तिचे बळ मात्र ८ आहे. वाटेतला दगड सरकवण्यासाठी तिला कॅलन हवा. दोघांनाही आपली उणीव ठाऊक आहे, म्हणूनच ती दोघे बरोबर चालतात.

मुलांनो, मराठी पाट्या वाचताना सुरुवातीला तुम्हीही कोणाला तरी विचारले असेल. विचारताना थोडा संकोच वाटला असेल. मग कॅलनला पत्र पुढे करताना काय वाटले असेल, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको.

उर्दू दास्तानींतील अमर अय्यार आठवा. अमीर हमजा पराक्रमी वीर, तर अमर त्याचा लहानपणापासूनचा सोबती. अमरचे काम वेषांतराने आणि युक्तीने साधते. त्याच्या झंबीलमध्ये वाटेल ती वस्तू मावते, तरी त्याचा लोभ सुटत नाही. त्याच्या चातुर्याइतकीच त्याच्या लोभाचीही आपल्याला गंमत वाटते. ज्याच्यात काहीच उणे नाही, अशा पात्राची गोष्ट फार वेळ रंगत नाही.

पात्र पूर्ण करण्यासाठी शेवटी तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. त्याला काय हवे आहे? त्याला कशाची भीती वाटते? तो कोणावर विश्वास ठेवतो? कॅलनला वाचायला शिकायचे आहे. लोक हसतील, ही त्याची भीती आहे. तो अजून तरी एकाच मैत्रिणीवर विश्वास ठेवतो. आता सूत्रधाराने "तुम्ही काय कराल?" असे विचारले, की कॅलन काय म्हणेल हे आपल्याला सुचू लागते.

यासाठी महागडे सामान लागत नाही. वहीचे एक पान घ्या. सहा गुण एकाखाली एक लिहा. प्रथम ८ चा आकडा कोठे लिहायचा ते ठरवा आणि त्याच्यापुढे एका वाक्यात कारण लिहा. मग बाकमित्राचे पान पाहा. तुमची उणीव त्याच्या पात्राला भरून काढता येईल का?