बारा क्लिक्सचा हिशोब

माझ्या मोबाइलमध्ये सध्या अकरा हजारांवर फोटो आहेत. निम्मे जेवणाच्या ताटांचे, उरलेले लिफ्टच्या आरशातले! पण गेलं वर्षभर मी ज्या फोटोसाठी हळहळतेय, तो मी कधी पाहिलेलाच नाही. कारण तो माझ्याच हातून गेला.

त्याचं असं झालं... २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी माझ्या आजोळच्या घरात शिरलं. आजीनं २००५चा पूर पाहिलेला, त्यामुळे धान्य आणि कागदपत्रं आधीच वर नेली होती. अल्बम मात्र खालच्या कपाटात राहिले. पाणी ओसरल्यावर त्यांचा नुसता लगदा हाती लागला. वाचला तो माळ्यावरचा आजोबांचा आग्फा क्लिक थ्री. हो, तोच! बडोद्यात बनणारा, काळा, साधासुधा, एकेकाळी मध्यमवर्गीय घरातल्या प्रत्येक सहलीला हजर असणारा.

परवाच्या दिवाळीत साताऱ्याहून सांगलीला गेले, तेव्हा तो हातात आला. मागच्या लाल खिडकीत ‘९’ दिसत होता. क्यूट आहे ना, असं म्हणत मी खटकन झाकण उघडलं.

‘‘अगं, आत रोल आहे!’’ मामा ओरडला. पण झालं ते झालंच.

लाल खिडकीचा फंडा

आपल्यापैकी अनेकांना ३५ एमएमचा रोल थोडाफार आठवतो. तो संपला की मागे गुंडाळायचा. क्लिक थ्रीमधला १२० रोल वेगळा. कोडॅकनं तो १९०१मध्ये आणला आणि आजही तो बनतो. याला डबी नसते. फिल्मच्या पाठीला एक लांबलचक कागद असतो, त्याच्यावर आकडे छापलेले, आणि तेच लाल खिडकीतून दिसतात. फिल्म एका रिळावरून दुसऱ्या रिळावर पुढेच जाते. बारा चौकोनी फोटो झाले, तरी काम संपत नाही. खिडकीतून कागद निघून जाईपर्यंत आणि नॉब सैल लागेपर्यंत फिरवत राहायचं. मगच कॅमेरा उघडायचा, तोही सावलीत. मी नेमकं हेच केलं नव्हतं.

सांगलीतल्या एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांनी तो ब्लॅक अँड व्हाइट रोल धुऊन दिला. तीनच फ्रेम्स हाती आल्या, पुसट, पण ओळखता येण्याजोग्या. आयर्विन पुलावर पदर सावरणारी आजी. हाफ पँटमधला मामा. हरिपूरचा घाट. ‘‘पहिले फोटो रिळात सगळ्यात आत असतात,’’ काका म्हणाले, ‘‘म्हणून ते वाचले. नंतरचे बाहेर. उजेड आधी त्यांनाच लागतो.’’

आजी प्रिंट्स बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, ‘‘नववा मी काढला होता. यांचा. कॅमेरा कायम यांच्याच हातात, मग यांचा फोटो कोण काढणार?’’

घरात आता आजोबांचा एकच फोटो आहे. भिंतीवरचा, ओळखपत्रावरून मोठा केलेला.

चला, रोल भरू या!

‘सॉरी आजी’ म्हणून भागणार नव्हतं. मी नवा रोल मागवला. मामानं शिकवलं ते तुम्हालाही सांगते. आधी सावलीत या. रिकामं रीळ नॉबच्या बाजूला घाला, नवा रोल दुसऱ्या बाजूला. रोलवरची चिकटपट्टी काढा, पण कागद घट्ट धरा, सैल पडला की उजेड आत शिरतो. कागदाचं टोक रिकाम्या रिळाच्या फटीत सरळ घाला आणि एक-दोन वेढे देऊन बघा. (मी पहिल्यांदा तिरकं घातलं. पुन्हा पहिल्यापासून!) झाकण बंद. मग खिडकीत ‘१’ येईपर्यंत सावकाश फिरवा.

आणखी दोन टिप्स. आजच्या फिल्मला लाल उजेडही लागतो, म्हणून आकडा बघून झाला की खिडकीवर काळी टेप लावा. आणि फोटो काढल्या काढल्या नॉब फिरवा. विसरलात, तर हा कॅमेरा अडवत नाही, एकाच फ्रेमवर दोन फोटो!

मी साताऱ्याजवळच्या माहुलीपासून सुरुवात केली. तिथे कृष्णेला वेण्णा मिळते. मग कराडला कोयना, आणि शेवटी हरिपूरला वारणा. तीन संगम, एक नदी आणि फक्त बारा फोटो. विश्वास ठेवा, एकेका क्लिकआधी मी श्वास रोखून धरत होते. शटरला वेग एकच, हात हलला की खेळ खल्लास! कराडला नॉब फिरवायला विसरलेच. एका फ्रेममध्ये घाट आणि चहावाला एकमेकांत मिसळलेत.

बारावी फ्रेम उरली, तेव्हा मी आजीला अंगणात बसवलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

‘‘माझा कशाला? आण इकडे,’’ म्हणत तिनं तो माझ्या हातातून घेतला. ‘‘हलू नकोस.’’

क्लिक.

मग मी नॉब फिरवत राहिले, सैल लागेपर्यंत. वर आणखी दोन वेढे. खोलीची खिडकी लावून घेतली, रोल काढला आणि टोकाची पट्टी ओली करून घट्ट चिकटवली.

बाराव्या फोटोत मी थोडी तिरकी आलेय, डोक्याचा वरचा भाग कापला गेलाय. मागे दारातून भिंतीवरचे आजोबा दिसतात. त्याची प्रिंट माळ्यावर ठेवलीय. खालच्या कपाटात नाही!