गुडघेदुखी आणि पूरक आहार

दिल्लीच्या लोदी उद्यानात सकाळी फिरावयास येणाऱ्या साठीपुढील मंडळींत गुडघ्यांचा विषय निघाला की तो लवकर संपत नाही. कोणी ग्लुकोसामीनच्या गोळ्या घेत असतो, कोणी कोलॅजनची पूड, तर कोणी हळदीचा अर्क. आपल्याला गुण आला असे त्यांपैकी पुष्कळजण सांगतात आणि ते खोटे बोलत नसतात. तो गुण गोळीचा असतो काय, एवढाच प्रश्न आहे.

गुडघ्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसल्यामुळे झिजलेली कूर्चा कातडीवरील जखमेप्रमाणे भरून येत नाही. ग्लुकोसामीन व काँड्रॉइटिन ही कूर्चेच्या घडणीतीलच द्रव्ये असल्याने ती पोटात घेतली की झीज भरून निघेल, असा तर्क सहज सुचतो. परंतु आतडे म्हणजे गवंड्याला विटा पोचविणारा हमाल नव्हे. कोलॅजन हे एक प्रथिन आहे. डाळीतील प्रथिनांप्रमाणे त्याचेही पचनात बारीक तुकडे होतात आणि त्यांनी गुडघ्याकडेच जावे असा काही नियम नाही.

या तर्काची मोठी परीक्षा अमेरिकेत झाली व तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. गुडघेदुखीच्या १,५८३ रुग्णांपैकी काहींना ग्लुकोसामीन, काहींना काँड्रॉइटिन, काहींना दोन्ही, तर काहींना सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक देण्यात आले. एका गटाला मात्र दिसण्यात तशीच, पण कोणताही औषधी गुण नसलेली गोळी मिळाली. २४ आठवड्यांनंतर या शेवटच्या गटातील सुमारे ६० टक्के रुग्णांचे दुखणे निदान एक-पंचमांशाने उतरले होते! दोन्ही द्रव्ये घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ६७ टक्के होते. हा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो. सेलेकॉक्सिबचे प्रमाण ७० टक्के भरले. अधिक तीव्र दुखणे असलेल्या एका लहान गटात जोडगोळीचा उपयोग झालेला दिसला. पण तेवढ्यावर विसंबणे धाडसाचे ठरेल.

निर्गुण गोळीने इतक्यांना बरे का वाटावे? झिजेचे दुखणे भरती-ओहोटीसारखे असते. माणूस गोळी सुरू करतो तो दुखणे ऐन भरात असताना. पुढे ओहोटी लागते आणि श्रेय गोळीला मिळते. आशेचा परिणामही कमी नसतो.

सर्वच पूरक द्रव्ये एका मापाने मोजणे मात्र न्याय्य नाही. सालई हा मध्य भारतातील वृक्ष. त्याच्या डिंकाच्या अर्काची नागपुरात ३० रुग्णांवर चाचणी झाली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या वृत्तांतात दुखणे कमी झाल्याचे व चालण्याचे अंतर वाढल्याचे नमूद आहे. क्ष-किरणचित्रांत मात्र बदल आढळला नाही. म्हणजे आराम पडला, झीज भरली नाही. चाचणी लहान होती, हेही ध्यानात ठेवावे.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट दिल्लीकरांच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. धुरकट हवा सूर्यकिरणांतील आवश्यक भाग अडविते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मोरी गेट भागातील बालकांच्या रक्तात या जीवनसत्त्वाचे प्रमाण गुरुग्रामच्या बालकांपेक्षा निम्म्याहूनही कमी आढळले होते. रक्ततपासणीत कमतरता निघाल्यास हाडांसाठी ते अवश्य घ्यावे. त्याने कूर्चेची झीज थांबेल ही अपेक्षा मात्र २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, दोन वर्षे चाललेल्या अमेरिकी चाचणीत फोल ठरली.

आपल्या कायद्याने ही उत्पादने अन्नात मोडतात. ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना त्यांच्या वेष्टनावर इंग्रजीत असते. ती वाचतो कोण?

खरी हानी केवळ पैशाची नाही. गोळीवर भिस्त ठेवून व्यायाम मागे पडला, तर मांडीचे स्नायू दुबळे होतात व गुडघ्यावरचा भार वाढतो. खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, बसून पाय सरळ करून धरणे, हे व्यायाम बिनखर्चाचे आहेत. स्थूल व्यक्तीचे वजन एक किलोने घटले, तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. इतके करूनही कोणास गोळी घ्यावीशी वाटली, तर दोन-तीन महिने घेऊन पाहावी आणि फरक न पडल्यास सोडावी. ग्लुकोसामीन बहुधा खेकडे व कोळंबी यांच्या कवचांपासून काढतात, हे शाकाहारी मंडळींना ठाऊक असावे. रक्त पातळ ठेवणारे वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये. हळदीच्या तीव्र अर्काने काहींच्या यकृतास इजा झाल्याची उदाहरणे आहेत. भाजीतील हळदीला हे लागू नाही.