औषधकल्पनाग्रंथ

औषधकल्पनाग्रंथ : वनस्पतिज, प्राणिज व खनिज द्रव्यांपासून औषधे कशी तयार करावीत आणि ती रुग्णास किती प्रमाणात द्यावीत, याचे विवेचन करणारे आयुर्वेदीय ग्रंथ. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत हा विषय आला आहे. तथापि वैद्यास नित्य व्यवहारात उपयोगी पडतील असे आटोपशीर ग्रंथ मध्ययुगात रचले गेले.

देवगिरीच्या यादवांच्या राज्यात आजचा बीड जिल्हा समाविष्ट होता. याच राज्यात तेराव्या शतकात, वैद्य केशवाचा पुत्र व हेमाद्रीचा आश्रित बोपदेव याने *शतश्लोकी* हा ग्रंथ लिहिला. त्याची मांडणी चूर्ण, गुटी, लेह, घृत, तैल व क्वाथ या कल्पांनुसार आहे.

मात्रेचा सर्वांत पद्धतशीर विचार *शार्ङ्गधरसंहितेत* आढळतो. तीत मागध व कालिंग अशी दोन माने दिली आहेत. मागध मानात ६ गुंजांचा १ माष व १६ माषांचा १ कर्ष, म्हणजे ९६ गुंजा होतात. कालिंग मानात माष सामान्यतः ८ गुंजांचा, पण कर्ष १० माषांचा, म्हणजे ८० गुंजांचाच असतो. सर्व घटक एकाच मानाने घेतल्यास त्यांचे परस्परप्रमाण कायम राहते. परंतु ‘एक कर्ष’ असे सांगितलेली मात्रा एका मानाकडून दुसऱ्याकडे जाताना षष्ठांशाने घटते. बचनागासारखी विषारी द्रव्ये असलेल्या औषधांत असा फरक रुग्णाच्या जिवाशी निगडित ठरू शकतो. शार्ङ्गधराने मागध मान श्रेष्ठ मानले आहे.

कल्क व चूर्ण यांची मात्रा त्याने वयाशी जोडली आहे. एक महिन्याच्या बालकास १ गुंज द्यावी, वर्षभर दरमहा १ गुंज व पुढे सोळाव्या वर्षापर्यंत दरवर्षी १ माष वाढवावा, सत्तरीपर्यंत ती स्थिर ठेवावी व नंतर हळूहळू कमी करावी, असा नियम आहे. काढ्यासाठी हीच मात्रा चौपट सांगितली आहे. मात्र काळ, जठराग्नी, बल, प्रकृती व देश पाहून अंतिम निर्णय वैद्याने करावयाचा असतो.

*भारतीय आयुर्वेदिक फॉर्म्युलरी*च्या पहिल्या भागात (१९७८) दशमान रूपांतरासाठी १ गुंज म्हणजे १२५ मिग्रॅ. व १ कर्ष म्हणजे १२ ग्रॅ. असे प्रमाण स्वीकारण्यात आले. ते ९६ गुंजांच्या मागध कर्षाशी जुळते. त्यामुळे जुन्या पाठांतील मात्रा सर्वत्र एकाच वजनात वाचणे शक्य झाले.